वाचकांचे प्रश्न : गावातून निघायचं, कॅनॉलकाठाने फिरून गावातच परत यायचं

प्रश्न : ताई नमस्कार. मी अमळनेरची, प्राथमिक शाळेतून रिटायर झालेली. मुलगी-जावई इंग्लंडला नॉर्दम्प्टनला असतात, मे-जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार. ती दोघं नोकरीला, नातू शाळेत, आमचे हे टीव्हीसमोर रमतील पण मला रोज चालायची सवय आहे, घरात बसून जीव आंबून जातो. मुलगी म्हणते जवळच स्टोक ब्रुअर्न नावाचं गाव आहे, तिथून कॅनॉलच्या कडेने आणि शेतांमधून गोल फिरून परत त्याच गावात येता येतं, लोक सुट्टीच्या दिवशी मुद्दाम येतात. मला कळत नाही की लोकांच्या वावरातून आपण परक्या बाईने कसं जायचं, कोणी हटकलं तर? वाट चुकली तर? साडीवर जमेल का? आणि तो कॅनॉल म्हणजे आपल्या पाटासारखाच का? जरा सविस्तर सांगा.

उत्तर : सविस्तरच सांगते, कारण हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, सगळीकडून पोरं बाहेर गेलीत आणि आई-वडील दोन-तीन महिने जाऊन बंद खिडकीतून बाहेर बघत बसतात, परत आल्यावर सांगतात मॉल पाहिला, म्युझियम पाहिलं, लंडनला एक दिवस गेलो. आणि घरापासून दहा-बारा किलोमीटरवर एवढी सुंदर चाल असते ती कोणी दाखवत नाही, कारण मुलांना वाटतं आई-बाबांना झेपणार नाही. तुम्हाला झेपेल. जा.

आधी हटकण्याची भीती काढून टाकते. इंग्लंडमध्ये शेतातून जाणाऱ्या हजारो पायवाटा कायद्याने सार्वजनिक आहेत. जमीन शेतकऱ्याची, पण त्या वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा, तुमचाही, व्हिसावर आलेल्या माणसाचाही. पूर्वी माणसं ज्या वाटेने चर्चला, पिठाच्या गिरणीवर, बाजाराला, शेजारच्या गावाला जायची त्याच या वाटा. १९४९ साली तिथे कायदा झाला आणि कौन्सिलांना सांगितलं की आपल्या भागातल्या अशा सगळ्या वाटा नकाशावर नोंदवा. एकदा वाट त्या नकाशावर चढली की ती कायद्याने पक्की, मग मालक बदलो की पीक बदलो. ते काही आपोआप झालं नाही हं, १९३२ च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम बंदी मोडून चढली, काहींना तुरुंगात जावं लागलं, तेव्हा कुठे हा विषय पेटला. मला या सगळ्या चालण्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, की साध्या माणसाच्या पायाखालची वाट सरकारी कागदावर लिहिलेली आहे आणि तिच्यावर नांगर फिरवला तर शेतकऱ्याला ठरलेल्या मुदतीत ती परत करून द्यावी लागते. पेरणीसाठी नांगरलं तर चौदा दिवसांत, आणि शेताच्या मधून जाणारी वाट किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवायची. म्हणून तुम्हाला गव्हाच्या उभ्या पिकातून सरळ एक पट्टी गेलेली दिसेल, घाबरू नका, ती तुमच्यासाठीच ठेवलीय. एकामागे एक चालायचं, पसरून चालायचं नाही, पिकात शिरायचं नाही, एवढं आपल्याला शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको.

वाट ओळखायची कशी, तर कुंपणाच्या खांबावर छोटा गोल बिल्ला असतो त्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. बाण ज्या दिशेला वळलाय त्या दिशेला शेत ओलांडायचं, समोरच्या कुंपणात पुढचा बिल्ला शोधायचा, बस. पण बिल्ले कधी झुडपात लपतात, कधी पडलेले असतात, म्हणून मॅप हवाच. तिथे ऑर्डनन्स सर्व्हे नावाची सरकारी संस्था मॅप काढते, त्यातला नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर घ्या, गुलाबी कव्हरचा नको, त्यात शेतांची कुंपणं दिसत नाहीत आणि तुम्हाला तीच बघून चालायचंय. नारिंगी मॅपवर चार सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि वर फिक्या निळ्या रेघांचे चौकोन असतात, एक चौकोन एक किलोमीटरचा. पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. निघायच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर मॅप पसरा आणि बोटाने वाटेवरून फिरा, किती चौकोन ओलांडले ते मोजा, कुठे कुंपण लागतं, कुठे शेतघर, कुठे ओढा. शाळेत भूगोल शिकवला असेल तर तुम्हाला यात भारी मजा येईल. मोबाईलमध्ये त्याच संस्थेचं ॲप आहे, तेही ठेवा, पण फोनची बॅटरी संपते आणि रेंज जाते, कागद संपत नाही.

आता कॅनॉल. आपला पाट आणि त्यांचा कॅनॉल यात मुळातच फरक आहे. आपला पाट शेताला पाणी द्यायला, म्हणून त्याला हलका उतार लागतो आणि आवर्तन सुटलं की पाणी पळतं. त्यांचा कॅनॉल माल वाहायला काढलेला आहे, पाणी जवळजवळ उभं, बारा महिने भरलेलं, शेताशी त्याचा संबंध नाही. १७६१ साली वर्स्ली गावच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्यासाठी ब्रिजवॉटर कॅनॉल सुरू झाला आणि मग पुढची साठ-सत्तर वर्षं सगळ्या देशभर कॅनॉल खोदायची लाटच आली. तेव्हा रस्ते चिखलाचे, बैलगाडी-घोडागाडीत माल किती बसणार, पण तोच घोडा काठाने चालत पाण्यावरची पंचवीस-तीस टनांची बोट आरामात ओढायचा. त्या घोड्याची वाट म्हणजेच आज तुम्ही चालणार ती काठाची वाट. पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली वाट नाही, मैलभर चाला, चढ नाही, फक्त जिथे लॉक, म्हणजे बोट वर-खाली न्यायची दारं असतात (ते पुढे सांगते), तिथे थोडा चढ-उतार.

स्टोक ब्रुअर्नला जो कॅनॉल आहे तो ग्रँड युनियन, लंडनपासून बर्मिंगहॅमपर्यंत जातो. हे गाव मुलीने निवडलं ते फार चांगलं निवडलं. तिथे कॅनॉलच्या काठावरच जुन्या धान्याच्या गिरणीत कॅनॉल म्युझियम आहे, समोर पब, मध्ये लॉक, आणि गावाच्या वर-खाली दोन्हीकडे बघण्यासारखं. खालच्या बाजूला सात लॉक ओळीने आहेत. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा. दोन दारांच्या मध्ये एक दगडी खोली, बोट खालून आत आली की मागचं दार बंद करतात, पुढच्या दाराची लहान झडप चावीने वर उचलतात, वरचं पाणी आपोआप आत भरतं, बोट वर चढते, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की मोठं दार उघडतं. पंप नाही, मोटर नाही, लाईट नाही. इथल्या एकेका लॉकला सात-आठ फुटांची चढण आहे आणि लॉक एवढं रुंद की दोन बोटी शेजारी शेजारी बसतात, एका वेळेला दोन लाख लिटरच्या वर पाणी वरून खाली जातं. म्हणून कॅनॉलचा जो सगळ्यात उंच भाग असतो त्याला सतत पाणी पुरवावं लागतं, त्यासाठी त्या काळात तलाव बांधले. पाण्याचा हा हिशोब आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळतो, बाकीच्या टुरिस्टांना बोटीचे रंगच दिसतात.

पहिल्या दिवशी हेच करा. म्युझियमपासून काठाने खाली उतरत सातही लॉक बघा, खालच्या टोकाला टोव्ह नावाची लहान नदी कॅनॉलला मिळते तिथपर्यंत जा आणि शेतातल्या वाटेने किंवा वाटलं तर काठानेच परत या. हा हात बसवायचा दिवस. बूट कसे वागतात, फाटकं कशी उघडतात, मॅपवरचं कुंपण आणि डोळ्यासमोरचं कुंपण कसं जुळवायचं ते सगळं इथे कळून येतं.

मग दुसरा मोठा फेरा, ब्लिस्वर्थचा. गावाच्या वरच्या बाजूला अर्ध्या-पाऊण मैलावर कॅनॉल थेट डोंगरात घुसतो. ब्लिस्वर्थ बोगदा, २,८१३ मीटर, १८०५ साली सुरू झाला. आत काठ नाही, म्हणजे घोड्याला जागा नाही. मग बोट कशी जायची? घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचा आणि बोटीवर आडव्या फळ्या टाकून दोन माणसं त्यावर पाठीवर झोपायची, पाय भिंतीला लावून भिंतीवर चालत चालत बोट पुढे ढकलायची, जवळजवळ तीन किलोमीटर, अंधारात. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून आत बघा, थंड हवा अंगावर येते आणि दूरवर बोटीचा एकच दिवा लुकलुकत असतो, तो येईपर्यंत थांबाच. बोगद्याच्या बाहेर काँक्रीटचं एक भलंमोठं कडं ठेवलेलं आहे, १९८० च्या आसपास बोगदा खचायला लागला म्हणून बंद ठेवून आतून अशी कडी बसवली आणि १९८४ ला पुन्हा चालू केला, त्यातलंच हे एक. त्याच्या आत उभं राहिलं की बोगदा केवढा आहे ते अंगाला कळतं.

घोडे ज्या वाटेने डोंगर चढायचे ती आजही आहे, पुढे तिचाच बारीक रस्ता होतो, नाव बोट हॉर्स रोड. त्याच्या कडेच्या शेतांमध्ये मधेच विटांची गोल धुराडी उभी दिसतात, शेतात धुराडं कशाला असं वाटेल, तर ते खालच्या बोगद्याचे हवेचे उसासे. म्हणजे तुमच्या पायाखाली त्या वेळेला बोट चाललेली असते. पलीकडे उतरलं की ब्लिस्वर्थ गाव, तिथल्या जुन्या घरांच्या भिंती बघायला थांबा, एक थर तांबूस लोहदगडाचा आणि एक थर पांढरट चुनखडीचा, असे पट्टे पट्टे. सगळा फेरा दहा किलोमीटरच्या आसपास जातो, कुठली शेतवाट घेता त्यावर, थांबत थांबत साडेतीन-चार तास धरा.

आता माझं मत ऐका, बरेच लोक उलटं करतात. काठ आधी आणि शेतं नंतर असं करू नका. सकाळी पाय ताजे आणि डोकंही ताजं असतं तेव्हा शेतातली वाट घ्या, कारण तिथे वाट शोधावी लागते, फाटकं चढावी लागतात, चढ असतो. ब्लिस्वर्थला पोचून चहा घ्या, मग घोड्यांच्या रस्त्याने डोंगर ओलांडून कॅनॉलला उतरा आणि शेवटचा तुकडा पाण्याकाठाने सपाट. दमल्यावर चुकायची भीतीच नाही, एका हाताला पाणी धरून चालत राहायचं की गाव येतंच. शिवाय कॅनॉलच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो, त्याची पाटी पुलावरच लावलेली, म्हणून मुलीला फोन करून "मी अमुक नंबरच्या पुलाखाली आहे" एवढं सांगितलं तरी ती मॅपवर तुम्हाला शोधू शकते. ही सोय शेतात नाही. जुन्या पुलाखालून जाताना थांबून कोपऱ्याकडे बघा, विटांवर किंवा कोपऱ्याला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर हाताचं बोट आत जाईल एवढ्या खोल खाचा पडलेल्या असतात, घोड्याने ओढलेल्या ओल्या, रेती लागलेल्या दोराने शंभर वर्षं घासून घासून पडलेल्या. हात लावून बघा. म्युझियममधल्या काचेआडच्या वस्तूपेक्षा मला त्या खाचा जास्त खऱ्या वाटतात.

साडीचं विचारलंत. साडी नको, पंजाबी ड्रेसही घोळदार नको, सरळ ट्रॅक पॅन्ट घाला, कोणी बघत नाही. कुंपण ओलांडायला दोन फळ्यांची लाकडी पायरी असते, एक पाय पलीकडे टाकून वळावं लागतं, त्यात निऱ्या अडकल्या तर पडाल. काही ठिकाणी फिरतं फाटक असतं, एका वेळी एकच माणूस जातो, जनावर जात नाही. उघडं फाटक उघडंच ठेवायचं, बंद असेल ते आपण गेल्यावर बंद करायचं. बूट घोट्यापर्यंतचे घ्या, मे महिन्यातही सकाळी गवत एवढं ओलं असतं की साधे स्पोर्ट शूज दहा मिनिटांत चिंब होतात आणि ओल्या मोज्याने फोड येतात. रेनकोट रोज सोबत, ऊन पडलेलं असलं तरी. फुल पॅन्टचं दुसरं कारण म्हणजे वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीची नेटल नावाची झाडं असतात, पान लागलं की आपल्या खाजकुइलीसारखी आग होते, पण तासा-दोन तासात उतरते, घाबरायचं नाही, खाजवायचं नाही. घरी आल्यावर पायाला गोचीड चिकटली नाही ना ते मात्र नीट बघा, दिसली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढून काढायची, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरताना दिसला की डॉक्टरला दाखवायचंच.

डबा घेऊन जा. शेंगदाण्याची चटणी, लसणाचा कोरडा मसाला इथून नेता येईल पण दूध-तुपाचे पदार्थ आणि मटण-चिकन भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, तेव्हा दशम्या तिथे गेल्यावरच करा, त्या थंड हवेत अजिबात खराब होत नाहीत. काठाने ठिकठिकाणी बाक असतात. पबला घाबरू नका, ते दारूचंच दुकान नाही, म्हाताऱ्या बायका, लेकरं, कुत्री सगळे येतात, चहा किंवा चिप्स मागायचे, काउंटरवरच पैसे द्यायचे, दारात बुटाचा चिखल पुसायचा. फक्त दुपारचं स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं, म्हणून भूक लागल्यावर शोधू नका, आधी बघून ठेवा. जूनमध्ये तिथे साडेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे चार वाजता निघालात तरी उजेडात परत याल, मुलगी ऑफिसहून आल्यावरसुद्धा जाता येईल. पहिल्या वेळी तिला सोबत न्या, नंतर एकट्या जा. अडीअडचणीला पोलीस-ॲम्ब्युलन्स बोलवायचा नंबर ९९९ लक्षात ठेवा.

आणि म्युझियममध्ये सिस्टर मेरी वॉर्ड यांच्याबद्दल विचारा. त्या स्टोक ब्रुअर्नच्या नर्स, बोटीवरच्या कुटुंबांची बाळंतपणं, जखमा, ताप सगळं त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं, कारण आज इथे उद्या तिथे असणाऱ्या त्या लोकांना डॉक्टर कुठला भेटणार. १९५१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. आपल्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांकडे बघितलंय त्या माणसाला या बाईचं काम किती मोठं होतं ते सांगावं लागत नाही.

प्रश्न : ताई, पोऱ्या इंग्लंडले शिकाले शे, मी त्याकडे जाई ऱ्हायनू. तठे वावरमा गायी मोकळ्या ऱ्हातस म्हणे, दावं नही, गुराखी नही. मंग मधमाईन चालानं कसं? (एक शेतकरी, साक्री तालुका)

उत्तर : भाऊ, तुम्ही जनावरातले माणूस, तुम्हाला अर्धं उत्तर माहीतच आहे. गायी मोकळ्या असतात हे खरं, वासरं सोबत असली की त्या बिथरतात हेही खरं, आणि तिथे दरवर्षी चालणारी माणसं गायींमुळे जखमी होतात, क्वचित जीवही जातो, त्यात सोबत कुत्रा असलेले बरेच असतात. म्हणून वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, वाट सोडून थोडं कडेने गेलात तर त्याला कोणी काही म्हणत नाही, नंतर परत वाटेला लागायचं. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, शांत चालत राहायचं. कुत्रा सोबत असेल तर दोरीने धरा, पण गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या, गाय कुत्र्याच्या मागे जाते आणि कुत्रा सुटतो, तुम्ही वाचता. दहा महिन्यांवरचा दुधाळ जातीचा वळू सार्वजनिक वाट जाते त्या शेतात सोडायला कायद्यानेच बंदी आहे. आणि तुम्ही तिथल्या गायींची कास, खूर, चारा बघत बसाल ते मला आत्ताच दिसतंय, बघा, पण कुंपणाच्या अलीकडून.

प्रश्न : मागच्या अंकात कॅनॉलकाठच्या चालण्याबद्दल दोन ओळी वाचल्या. आम्ही चाळीसगावचे चार-पाच मित्र रोज सकाळी हायवेच्या कडेने चालतो, ट्रकचा धूर खातो. आमच्याकडे जामद्याचा पाट आहे, गिरणा आहे, मग आम्हाला असा गोल फेरा का नाही करता येणार?

उत्तर : करता येईल, आणि करा. फक्त इंग्लंडची नक्कल करू नका, आपली जमीन आणि आपलं ऊन वेगळं आहे. तिथल्या कॅनॉलमध्ये बोटींच्या वाटेवर पाणी साधारण चार-पाच फूट आणि उभं, लॉक मात्र खोल असतात. आपल्या पाटाला आवर्तन सुटलेलं असताना पाण्याला ओढ असते आणि जिथे अस्तरीकरण झालंय तिथे उतार एवढा गुळगुळीत असतो की चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. काठावरून चाला, उतारावर पाय टाकू नका, पोरांना तर पाण्याजवळ नेऊच नका, आणि भरावाच्या रस्त्यावरून जायचं तर आधी पाटबंधारेच्या माणसाला विचारून घ्या. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हे आपले दिवस, सकाळी उजाडलं की निघायचं आणि ऊन तापायच्या आत घरी. एप्रिल-मे मध्ये तर नकोच, पंचेचाळीस अंशांत कसली चाल.

वाट निवडताना मात्र त्यांचीच पद्धत घ्या, कागदापासून सुरुवात करा. भूमी अभिलेखकडून किंवा तलाठ्याकडून गाव नकाशा बघा. त्यात गाडीवाट दोन तुटक रेघांनी असते आणि पायवाट एका तुटक रेघेने. म्हणजे आपल्याकडेही वाटा कागदावर आहेत, तिथे जाऊन बघितलं तर कुणीतरी नांगरून घातलेल्या, कुठे बाभळी वाढलेल्या, कुठे विहिरीची माती टाकलेली. असलेली वाट अडवली तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जाता येतं. पण हा रस्ता शेतकऱ्याला शेतात जायला अडला तर वापरायचा, सकाळी फिरायला जाणाऱ्याने कोर्टाची भाषा करून गावात भांडण लावू नये, असं मला मनापासून वाटतं. चार बांधांवरून जायचं तर चार मालकांशी आधी बोला. कापूस वेचणी, हरभरा सोंगणी चालू असेल तर त्या दिवशी दुसरी वाट घ्या. तुरीच्या शेंगा दिसल्या म्हणून तोडायच्या नाहीत, मालक "घ्या ना भाऊ" म्हणाला तर गोष्ट वेगळी.

आणि एकदा तरी धुळे-साक्रीकडे पांझरेच्या काठी जाऊन फड बघा. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या, आणि खाली सगळ्यांच्या शेतांचा मिळून फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाटकरी पाटाचं बघतो, बारेकरी शेतांना पाणी देतो, जागल्या राखण करतो. तीन-चारशे वर्षं लोकांनी स्वतः चालवलेली ही व्यवस्था, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची, पाणी वाटून घ्यायचं शहाणपण शिकायला जगभरातले अभ्यासक इथे आलेत. बंधाऱ्यापासून पाटाकाठाने शेवटच्या शेतापर्यंत आणि नदीच्या वाटेने परत बंधाऱ्यावर, हा आपला गोल फेरा. सोबत पाटकरी किंवा गावातला एखादा म्हातारा घ्या, त्याच्याशिवाय नुसती मातीची चारी दिसेल. मला कोणी विचारलं की खान्देशात एकच वाट जपायची तर कोणती, तर मी हीच सांगेन, आणि ती जपली जात नाहीये, धरणं झाली, पाण्याच्या मोटारी आल्या, बरेच फड मोडले. जे आहेत ते चालून बघणारी माणसं वाढली तर निदान गावाला कळेल की आपल्याकडे काय आहे.

प्रश्न : कॅनॉलवर बोटीत लोक राहतात म्हणे, ते कोण? त्यांच्याशी बोललेलं चालतं का, की त्यांना आवडत नाही? मला इंग्लिश मोडकं-तोडकंच येतं. (एक आजी, यावल)

उत्तर : आजी, बोला, खुशाल बोला. त्या लांबोड्या बोटी सात फुटांच्या आत रुंद आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत असतात. पूर्वी मालाची जागा वाया जाऊ नये म्हणून अख्खं कुटुंब मागच्या दहा फुटांच्या खोलीत राहायचं, चूल, झोपणं, लेकरं सगळं त्यातच, आणि तेवढ्याच जागेत बायका पितळ घासून लखलखीत ठेवायच्या, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असायचे. माल आता ट्रकने जातो. आज बोटीत राहतात ते काही रिटायर झालेले, काही तरुण ज्यांना घरभाडं परवडत नाही, काही सुट्टीपुरते भाड्याने घेतलेले. ज्यांना कायमची जागा नाही त्यांना एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, पुढे सरकावंच लागतं.

चालत्या बोटीचा वेग जास्तीत जास्त ताशी चार मैल, म्हणजे तुमच्यापेक्षा थोडाच जास्त, त्यामुळे माणूस हात करतो, तुम्हीही हात करा. बंद खिडकीतून आत डोकावायचं नाही, ते त्यांचं घर आहे. काठाला बांधलेल्या बोटीचे दोर आणि जमिनीत ठोकलेले खुंटे पायात येतात, ते बघून चाला, आणि मागून सायकलची घंटी वाजली की एका बाजूला थांबा. गप्पा मारायच्या असतील तर लॉकपाशी जाऊन बसा, तिथे प्रत्येक बोटीला दहा-पंधरा मिनिटं थांबावंच लागतं आणि बोटवाल्यांना मदत हवीच असते. दाराला जोडलेला लांब लाकडी दांडा दिसेल, तो नुसता दाखवून "हेल्प?" एवढं म्हटलं तरी पुरे. हाताने ओढायचं नाही, दांड्याला पाठ टेकवून पायाने रेटा द्यायचा, आणि आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला येईपर्यंत जोर लावायचा नाही, दहा माणसं लागली तरी ते हलत नाही. झडप फिरवायची लोखंडी चावी त्यांच्याच हातात राहू द्या, सुटली तर गरगर फिरते आणि मनगट मोडतं. लॉकच्या कडेचा दगड ओला असला की घसरतो, तेव्हा रबरी तळव्याचे बूट घालून जा, चप्पल नको.